तिसरा कोपरा

दाजी : सहा फूट दोन इंच. पुन्हा तेवढंच. टेपचं टोक घट्ट धर, छोट्या.

छोट्या : घट्टच धरलंय, दाजी. चौथ्यांदा मोजतोय आपण. भिंत काही मधल्या वेळात चहा प्यायला गेली नव्हती.

दाजी : स्पीकरपासून स्पीकर, सहा-दोन. डाव्या स्पीकरपासून बसायची जागा, सहा-दोन. उजव्यापासूनही सहा-दोन. तिन्ही बाजू सारख्या आल्या की गाणारी बाई दोन्ही खोक्यांच्या बरोबर मधे उभी राहते. माणूस जागेवरून सरकला की ती एका खोक्यात शिरून बसते.

छोट्या : हे मीच तुम्हाला सांगितलं होतं.

दाजी : म्हणून तर पडताळून बघतोय.

छोट्या : वा! बरं, तिसरा कोपरा कुठे आलाय ते बघितलंत का?

दाजी : बघितलं.

छोट्या : ताईच्या मांडीवर.

ताई : काय रे माझ्या मांडीवर?

छोट्या : काही नाही गं. तू शिव.

ताई : शिवतेच आहे. सकाळपासून दोघं माझ्याभोवती टेप फिरवताय. एकोणीस वर्षं मी लोकांची मापं घेतली, माझं घ्यायला आज पहिल्यांदा माणसं आली. तीही दोन-दोन. किती भरली कंबर?

छोट्या : ताई, मी रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. असले आकडे सांगून जीव धोक्यात घालत नाही.

ताई : आणि अहो, तुमच्या घशात काय अडकलंय? तीनदा खाकरून झालं.

दाजी : मशीन जरा सरकवावं लागेल, असं दिसतंय.

ताई : जरा म्हणजे किती?

दाजी : म्हणजे... आतल्या खोलीत.

ताई : छोट्या, तुझ्या दुकानात 'जरा' कशाने मोजतात रे?

छोट्या : मला यात ओढू नका. खोकी आणून दिली, माझं काम संपलं.

ताई : 'दोन छोटे स्पीकर' म्हणाला होतास. जिन्यावरून एकेकाला दोन माणसं लागली. वरच्या मजल्यावरच्या आजी विचारत होत्या, फ्रिज जोडीने घेतले का म्हणून.

छोट्या : अगं, बंद पडलेल्या स्टुडिओतला माल आहे तो! नवे घ्यायचे म्हटले, तर दाजींना छापखान्यातून निवृत्त होताना जे पाकीट मिळालं, त्यात एक स्पीकरसुद्धा आला नसता. कडेचा फोम सडला होता म्हणून कुणी हात लावत नव्हतं. मी म्हटलं, बाकी सगळं शाबूत आहे, नुसती कडेची रिंग बदलायची. दाजींनी काय सुरेख चिकटवली! मी चोवीस तास हात लावू नका म्हणालो, यांनी खोलीत पाय ठेवला नाही.

दाजी : तीस तास. ओल धरली असती तर?

ताई : आणि त्या तीस तासांत इथे पंखा लावायची मला बंदी. सोळा पडदे घाम पुसत शिवले मी. शिवाय खोक्यांच्या पुढची जाळी फाटली होती, ती कुणी लावली?

दाजी : तू लावलीस. कोण नाही म्हणतंय?

ताई : तुम्ही अस्तराचं कापड लावायला निघाला होतात. चकाकतं म्हणून. मी तोंडापुढे धरून फुंकलं, तर वारासुद्धा पलीकडे जाईना. जिथून वारा जात नाही तिथून गाणं काय जाणार? मग मलमल काढली. आणि खोकी कानाच्या उंचीला यावीत म्हणून ज्या स्टुलांचे पाय कापलेत, ती माझ्या इस्त्रीची स्टुलं होती. मी काही बोलले?

छोट्या : बोललीस. मला फोन करून वीस मिनिटं.

ताई : तुला बोलले. यांना नाही. आणि आता मीच उठायचं?

दाजी : हे बघ, मी सगळं करून बघितलंय. हा वहीतला कागद बघ. या भिंतीला दार आहे. त्या भिंतीतलं कपाट हलत नाही. पलीकडे स्वयंपाकघराची मोकळी चौकट, सगळा आवाज तिकडे वाहून जातो. राहिली ही एकच भिंत. खोकी इथे ठेवली, की ऐकणारा माणूस तिथे. दुसरी जागाच नाही या खोलीत.

ताई : एवढी चित्रं काढलीत. माझ्या मशीनचंही काढलंय की! हे चौकोनी डुक्कर तेच ना?

दाजी : काल तू शिवत होतीस, तेव्हा मी तुझ्यामागे उभा राहून, तुझ्या खांद्यावरून डोकं पुढे काढून ऐकलं...

ताई : माहितीये. चेन बदलायला आलेली मुलगी तेवढ्यात दारात आली, आणि आमचं हे ध्यान बघून 'नंतर येते' म्हणून गेली. अजून आली नाहीये.

दाजी : पण काय आवाज होता! लोण्यासारखा. मी चौतीस वर्षं छपाई यंत्राजवळ काढली, छोट्या. कानात बोळे घालून. घरी आलो तरी डोक्यात ते यंत्र चालूच असायचं. ही काही बोलली तरी मला ते 'धडक्-धडक्'च्या पलीकडून ऐकू यायचं. मी आख्खं गाणं, शांतपणे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, खुर्चीत बसून कधी ऐकलेलं नाही. हिला विचार.

ताई : नाही ऐकलेलं. खरंय ते.

दाजी : मला दुसरं काही नको. एक खुर्ची. ती बरोबर जागी.

ताई : आणि माझी जागा चुकीची आहे का? अहो, दारातून गिऱ्हाईक आलं की मला लगेच दिसतं. खिडकी डाव्या हाताला, उजेड खांद्यावरून थेट सुईवर पडतो, हाताची सावली येत नाही. मागे दांडीवर कपडे. वळून हात घातला की हवा तो हातात. आतल्या खोलीत काय आहे? एक झरोका आणि एक ट्यूबलाइट.

दाजी : नवी ट्यूब लावतो. जास्त प्रकाशाची.

ताई : ट्यूबखाली काळ्यावर काळा दोरा दिसत नाही. म्हणून बारा वाजेपर्यंत या खिडकीत मी काळी कापडं शिवते, आणि ऊन फिरलं की पांढरी. एकोणीस वर्षांत हे कुणाला सांगावं लागलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

छोट्या : मी दुकानात जातो. गिऱ्हाईकं खोळंबली असतील.

ताई : बस खाली. तुझ्याच खोक्यांची आग आहे ही.

छोट्या : बसलो.

दाजी : जाऊ दे. राहू दे तुझं मशीन. मी उभा राहून ऐकेन.

ताई : म्हणजे रोज माझ्या खांद्यावरून डोकं. येणारी गिऱ्हाईकंही पळवा. त्यापेक्षा आठ दिवस.

दाजी : काय आठ दिवस?

ताई : आठ दिवस मी आत बसून बघते. मशीन, दांडी, चिंध्यांची पोती, सगळं घेऊन. तुम्ही इथे खुर्ची टाका, डोळे मिटा आणि काय ऐकायचं ते ऐका. नवव्या दिवशी मी सांगेन जमतंय की नाही. नाही म्हटलं, तर वही दाखवायची नाही, टेप काढायचा नाही. मुकाट्याने मशीन जागेवर.

दाजी : मुकाट्याने.

ताई : छोट्या, तू साक्षीदार.

छोट्या : मी नेहमीच असतो. कधी कुणी जेवायला मात्र बोलावत नाही.

(नऊ दिवसांनी. तीच खोली, सकाळची वेळ.)

छोट्या : फोनवर म्हणालात, अँप्लिफायर गेला. हा तर ठणठणीत आहे.

दाजी : गेला नाही म्हणालो, बिघडलाय म्हणालो. इथे खुर्चीत बस. बरोबर मधे. आता ती वरच्या पट्टीत जाईल... ऐकलंस?

छोट्या : छान गाते की.

दाजी : छान? पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहून गातेय ती! प्रत्येक शब्दाला कडेने धार आलीये. बासरी वाजली की दातात कळ जाते. त्या दिवशी मी उभा राहून ऐकलं तेव्हा असं होतं का?

छोट्या : मी तेव्हा कुठे होतो? टेप धरायला दुसऱ्या दिवशी आलो. बरं, काय काय करून बघितलंत?

दाजी : वायरी अदलाबदल केल्या. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. दोन्हीकडे तेच. म्हणजे एका खोक्याचा दोष नाही. मग खोकी भिंतीपासून एकेक इंच पुढे घेतली. सात इंच झाले.

छोट्या : ते दिसतंय. मी आत्ताच धडपडलो.

दाजी : मग मोठ्या दुकानात गेलो. तिथला माणूस म्हणाला, वायर बदला. त्याने जी वायर दाखवली, तिच्या किमतीत आपला सगळा संच पुन्हा एकदा झाला असता. मी म्हटलं, ही गळ्यात घालायची का स्पीकरला लावायची? आलो परत.

छोट्या : शाबास. दिव्याची साधी जाड वायर पुरते, मी सांगितलंच होतं. आणि मागच्या भिंतीवर हे काय?

दाजी : अंड्यांचे पुठ्ठे.

छोट्या : ते दिसतंय. का?

दाजी : कुणीतरी म्हणालं, आवाज शोषतात.

छोट्या : दाजी, ते अंडी सांभाळतात. आवाज नाही. एवढी अंडी खाल्लीत कुणी?

ताई : त्यांना विचारू नकोस, छोट्या! आठवडाभर घरात दुसरं काही शिजलेलं नाही!

छोट्या : ताई, आतूनच ओरडतेस का? बाहेर ये की!

ताई : बाही अर्ध्यावर आहे!

छोट्या : ठीक. दाजी, एक काम करा. गाणं बंद करा. आता त्या खुर्चीजवळ उभे राहा आणि एक टाळी वाजवा. जोरात. एकच.

दाजी : हे काय आता?

छोट्या : वाजवा हो. मी हसणार नाही... काय ऐकू आलं?

दाजी : टाळी.

छोट्या : टाळीच्या मागे?

दाजी : थांब, पुन्हा वाजवतो... टर्रर्र झालं काहीतरी. शेपूट असल्यासारखं.

छोट्या : बरोबर. तुमची टाळी पुढच्या भिंतीवर आपटते, मागच्यावर येते, पुन्हा पुढे जाते. दोन उघड्या भिंतींमधे चेंडूसारखी. गाण्याचंही तेच होतंय. बाई एकदाच गातेय बिचारी, खोली तिला चार-चार वेळा ऐकवतेय. खोकी उत्तम आहेत, अँप्लिफायर उत्तम आहे. तुमची खोली बिघडलीये.

दाजी : नऊ दिवसांत खोली कशी बिघडेल?

छोट्या : तेच विचारतोय. नऊ दिवसांपूर्वी इथे काय होतं जे आता नाही?

दाजी : काही नाही. मशीन होतं. लोखंडी मशीनने काय आवाज सुधारणार?

छोट्या : मशीनच्या मागे?

दाजी : मागे... दांडी.

छोट्या : ताई! तुझ्या दांडीवर साधारण किती कपडे असतात?

ताई : आज एकवीस नग! सात कोट, त्यातले तीन लोकरीचे! दोन जाड पडदे, एक रजई, बाकी किरकोळ! का रे?

छोट्या : आणि खाली?

ताई : चिंध्यांची दोन पोती! कुणाला हवीत का?

छोट्या : ऐकलंत, दाजी? मोठ्या स्टुडिओत भिंतींना काय लावतात माहितीये? लोकर, कापूस, जाड कापडाचे थर. हजारो खर्च करून. ते सगळं तुमच्या घरात एकोणीस वर्षं लटकत होतं. फुकट. दर आठवड्याला नवं. ते तुम्ही उचलून आत पाठवलंत, आणि त्या जागी अंड्यांचे पुठ्ठे ठोकलेत.

दाजी : माझ्याच हातांनी आत पाठवलं.

छोट्या : बसा. पाणी देऊ?

दाजी : म्हणजे त्या दिवशीचा लोण्यासारखा आवाज, तो...

छोट्या : तो ताईच्या कोटांचा होता.

दाजी : हळू बोल.

ताई : हळू कशाला? मी आलेय बाहेर. सगळं ऐकलंय. माझ्या चिंध्यांनी गाणं गोड होत होतं म्हणा की!

दाजी : मी म्हणतो, फक्त दांडी इकडे आणली तर? दांडी आणि पोती. तू आत बस निवांत.

ताई : दांडी माझ्या हाताशी लागते. दर दहा मिनिटांनी मी बाहेर येऊन कोट शोधू? दांडी मशीनबरोबर राहते. आणि मी तर आता आत चांगली रुळलेय. शांतता आहे. गिऱ्हाईक थेट अंगावर येत नाही. मला काही घाई नाही.

छोट्या : अस्सं? मी जरा आत बघून येतो, किती रुळलीयेस ते.

ताई : आत काही बघण्यासारखं नाही. छोट्या! अरे, पसारा आहे तिथे!

दाजी : खरंच रुळलीस?

ताई : म्हटलं ना.

दाजी : आठ दिवस काल संपले. मी काल संध्याकाळी वाट बघत होतो, तू येऊन काहीतरी सांगशील म्हणून. तू कणीक मळत बसलीस.

ताई : भूक लागली होती सगळ्यांना.

दाजी : सगळ्यांना म्हणजे आपण दोघं.

ताई : दोघांना लागली होती.

छोट्या : ताई, हा वकीलबाईंचा कोट ना?

ताई : ठेव तो.

छोट्या : याच्या दोन्ही बाह्या उसवलेल्या का आहेत? गेल्याच आठवड्यात दिलास ना त्यांना? माझ्या दुकानावरून घालून गेल्या, ऐटीत.

ताई : ठेव म्हटलं ना.

छोट्या : आणि ही बाही... दाजी, इकडे खिडकीत या. हा दोरा बघा. हा निळा आहे.

दाजी : निळा? काळ्या कोटाला?

ताई : गडद निळा. ट्यूबखाली दोन्ही रिळं सारखीच दिसतात. मी एकदा नाही, दोनदा डोळ्यांजवळ धरून बघितली होती. त्या बाई कोर्टाच्या पायऱ्यांवर उन्हात उभ्या राहिल्या, तर तिथला कारकून म्हणाला, 'मॅडम, ही नवी फॅशन का?' हसत हसतच घेऊन आल्या. चांगल्या आहेत स्वभावाने. पण आणला परत.

दाजी : तुझं काम परत आलं?

ताई : पहिल्यांदा.

दाजी : कधी?

ताई : मंगळवारी.

दाजी : मंगळवारी मी घरीच होतो.

ताई : होतात. गाणी ऐकत होतात.

दाजी : आणि तू काही बोलली नाहीस.

ताई : आठ दिवस दिले होते. दिलेलं मधेच हिसकावून घ्यायचं का?

दाजी : आणि काल?

ताई : काल सांगणारच होते. दारापर्यंत आले होते हात पुसत. तुम्ही खुर्चीत बसला होतात, डोळे मिटून. पाय जमिनीवर ताल धरत होता, आणि तुम्हाला ते कळतही नव्हतं. बूट नाही, गणवेश नाही, कानात बोळे नाहीत. मग परत गेले. कणीक मळली.

छोट्या : आणि ते डोळे मिटून काय करत होते माहितीये का, ताई? आवाज कुठे बिघडलाय ते शोधत होते.

दाजी : तू गप्प बस.

छोट्या : नऊ दिवस एकाला ऐकायला त्रास, एकीला दिसायला त्रास. आणि दोघंही दुसऱ्याचं छान चाललंय म्हणून गप्प. कमाल आहे! लग्न केलंय का उपोषण?

दाजी : किती वाजले?

छोट्या : दहाला पाच कमी.

दाजी : चल, मशीनची ती बाजू धर.

छोट्या : आधी दांडी आणू. दांडी आणली की लगेच फरक ऐकू येईल, मग...

दाजी : आधी मशीन. गाणं कुठे पळून जात नाहीये. कोट काळा आहे, आणि बारा वाजायला दोनच तास आहेत.

ताई : अहो, एवढं काही नाही. उद्या...

दाजी : मुकाट्याने ठरलं होतं ना? मग मला मुकाट्याने करू दे. छोट्या, चौकटीला घासू नकोस. डावीकडे. माझ्या डावीकडे!

छोट्या : माझी पाठ गेली की माझी ताई माझं दुकान चालवणार आहे का?

दाजी : बास. आता पुढे. फरशीवर मशीनच्या पायांचे चार खड्डे आहेत, ते बघ. बरोबर त्यातच बसायला हवं. अजून एक बोट. हां, बसलं.

ताई : बसलं. मी आवाजावरून सांगते.

छोट्या : दांडी इथेच ना? हे कोट, हे पडदे... ताई, या रजईचं वजन काय आहे! पोती खाली. आणि पुठ्ठे?

दाजी : पुठ्ठे दे फेकून.

ताई : राहू देत. रिळं ठेवायला होतील. एकेका खाचेत एक. निळं आणि काळं शेजारी ठेवणार नाही.

छोट्या : दाजी, ही तुमची खुर्ची कुठे ठेवू?

दाजी : आत ने.

छोट्या : मग तुम्ही बसणार कुठे? तिसरा कोपरा तर गेला. तिथे मशीन आणि मशीनमागे ताई. तुम्ही कुठेही बसलात तरी बाजूलाच. गाणारी बाई तुमच्यासाठी मधे उभी राहणार नाही, एका खोक्यात शिरणार.

दाजी : बसेन या पोत्यावर.

ताई : चिंध्यांच्या?

दाजी : मऊ आहे. आणि आवाज शोषतं म्हणतात.

छोट्या : पोत्यावर दाजी बसले तर दुप्पट शोषेल. चला, मी निघतो. टाळी मात्र वाजवून बघा एकदा.

दाजी : ... शेपूट नाही.

छोट्या : नाही ना? ठीक. ताई, तो कोट झाला की वकीलबाईंना सांग, बाह्यांना आता गाणं लागलंय म्हणून.

ताई : जा आता. आणि रविवारी जेवायला ये.

छोट्या : अंडी सोडून काहीही चालेल!

दाजी : दार लावून घे रे!... गेला. लावू का गाणं? का तुला कामात त्रास होईल?

ताई : लावा की. माझे हात चालू असतात, कान रिकामेच असतात.

दाजी : पहिलंच लावतो. संथ आहे. आवाज फार मोठा नाही ना?

ताई : नाही. असू द्या. अहो...

दाजी : काय?

ताई : ही बाई खोक्यात नाहीये.

दाजी : मग कुठे आहे?

ताई : इथे. भिंतीच्या अलीकडे, दोन खोक्यांच्या मधे, जिथे काहीच नाही तिथे. बासरीवाला तिच्या उजव्या हाताला, जरा मागे बसलाय. खोकी नुसतीच उभी आहेत, त्यांचा काही संबंध नसल्यासारखी. तुम्हाला नाही दिसत?

दाजी : मला इथून सगळं उजवीकडून येतंय.

ताई : मग या इथे. मी उठते पाच मिनिटं.

दाजी : उठू नकोस. तू बाही लाव. तू सांग, मी इथून ऐकतो.

ताई : आता ती ओळ संपली... आणि पुढची सुरू करायच्या आधी तिने श्वास घेतला. एवढासा. ऐकलात?

दाजी : श्वास? मी नऊ दिवस हेच गाणं ऐकतोय, मला कधी ऐकू नाही आला.

ताई : आहे. थांबा, पुन्हा घेईल. हां... आत्ता.

दाजी : हो की गं. आत्ता आला.

ताई : आला ना?

दाजी : अगं, मशीन का थांबवलंस?

ताई : दोरा संपला.

दाजी : कुठे संपला? रीळ भरलेलं दिसतंय इथून. काळंच आहे ना? मी बघू का?

ताई : अहो, जरा गप्प बसा ना.

दाजी : जरा म्हणजे किती?

ताई : गाणं संपेपर्यंत.